गाडीच्या काचेसाठी फिल्म घेताना कोणता आकडा विचारावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऊन वाढू लागले की गाडीच्या काचांना लावायच्या उष्णतारोधक फिल्मच्या जाहिराती वर्तमानपत्रांत दिसू लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकींत एक मोठा आकडा ठळक टाइपात छापलेला असतो : ९० टक्के, ९५ टक्के, ९९ टक्के उष्णता रोखणारी फिल्म. हा आकडा नेमका कशाचा, कोणत्या प्रकाशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत मोजलेला, याचा एका ओळीचाही खुलासा सोबत नसतो. मी अनेक वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आहे, आणि अशाच एका आकड्यावर विसंबून माझ्या गाडीला फिल्म लावून घेतली, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. फिल्म घेणाऱ्याने दुकानात काय विचारावे आणि जाहिरातीत कोणता आकडा असायलाच हवा, एवढेच मला सांगायचे आहे.

दुकानात मला दाखवलेले प्रात्यक्षिक बऱ्याच वाचकांनी पाहिले असेल. एका पेटीत लालसर उजेडाचा हीट लॅम्प बसवलेला असतो, त्याच्यापुढे काचेचे दोन तुकडे उभे असतात, एक कोरा आणि एक फिल्म लावलेला, आणि ग्राहकाला तळहात आधी एका काचेमागे व मग दुसरीमागे धरायला सांगतात. कोऱ्या काचेमागे हात काही सेकंदांतच भाजू लागतो आणि मागे घ्यावा लागतो, फिल्मच्या काचेमागे मात्र तो खुशाल ठेवता येतो. हे पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही आणि माझ्याही मनात ती उरली नाही. पहिल्याच कडक उन्हात लक्षात आले की फरक पडला आहे, पण दिव्यासमोर जाणवला होता तेवढा मुळीच नाही. दारालगतच्या दंडावर ऊन पूर्वीपेक्षा सौम्य लागत होते, परंतु स्टिअरिंग पूर्वीइतकेच तापत होते, आणि दाराच्या काचेला आतून बोटे टेकवली तर चटका बसत होता. रात्री आणखी एक गोष्ट कळली. गाडी मागे घेत असताना बाजूच्या काळ्या काचेतून आरशातले काही स्पष्ट दिसेना, आणि दिवा नसलेला एक सायकलस्वार अगदी जवळ येऊनही मला दिसला नाही. तो ओरडला म्हणून ब्रेक दाबला गेला. त्याच आठवड्यात मी ती फिल्म काढून टाकली आणि मग, आधी करायला हवा होता तो, नीट अभ्यास केला.

मुळात समजून घ्यायला हवे ते सूर्यप्रकाशाचे वाटे. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेपैकी साधारण ३ ते ५ टक्के ऊर्जा अतिनील किरणांत असते, ४२ ते ४५ टक्के डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात असते, आणि उरलेली, म्हणजे निम्मी किंवा त्याहून किंचित अधिक, अवरक्त किरणांत असते, ज्यांना आपण सर्रास इन्फ्रारेड म्हणतो. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून निघालेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापी ठेवून पाहिल्या, तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा सर्वांत जास्त चढला. अवरक्त किरणांचा शोध असा उष्णतेच्या मोजमापातूनच लागला, आणि तेव्हापासून अवरक्त म्हणजे उष्णता व दृश्य म्हणजे नुसता उजेड अशी एक समजूत रूढ झाली. ही समजूत अर्धवट आहे. खिडकीतून आत आलेला उजेड काळ्या डॅशबोर्डवर पडला की तो शोषला जातो, आणि शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते, मग तो निळा असो, पिवळा असो की न दिसणारा असो. सूर्याच्या तापवण्यात दृश्य प्रकाशाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे, हे एकदा मनात पक्के बसले की जाहिरातींतले बरेचसे आकडे आपोआप जागच्या जागी येतात.

'९५ टक्के उष्णता रोखते' असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा तो आकडा अवरक्त किरणांचा असतो, एकूण उष्णतेचा नव्हे. त्यातही पोटभेद आहेत. गाडीच्या काचेसंबंधी बोलताना अवरक्त पट्टा साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत धरतात (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). कोणी या सगळ्या पट्ट्यावर मोजतो, कोणी ९०० ते १००० नॅनोमीटर एवढ्याच तुकड्यावर मोजतो, आणि कोणी ९५० नॅनोमीटर अशा एकाच ठिकाणचा आकडा देतो. फिल्म जिथे सर्वांत चांगले काम करते नेमका तोच तुकडा निवडला तर आकडा डोळे दिपवणारा येतो, आणि तो खोटाही नसतो. पण तेवढ्यावरून गाडी किती गार राहील हे ठरत नाही. शिवाय 'रोखले' या शब्दात परतवले आणि शोषले अशा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र येतात, आणि माझ्या बोटांना बसलेल्या चटक्याचे कारण तिथेच होते.

फिल्मने परतवलेली ऊर्जा बाहेर जाते आणि तिचा प्रश्न मिटतो. शोषलेली ऊर्जा मात्र काचेतच राहते, काच तापते, आणि तापलेली काच ती उष्णता बाहेरच्या हवेला व आतल्या हवेला अशी दोन्हीकडे देऊ लागते. गाडी वेगात धावत असेल तर बाहेरून लागणारा वारा काचेला सतत निववत राहतो आणि शोषलेल्या उष्णतेचा बराच मोठा भाग बाहेर निघून जातो. गाडी उन्हात उभी असेल, वारा पडलेला असेल, तर तीच काच आत बसलेल्या माणसाच्या बाजूला एखाद्या तापल्या तव्यासारखी उभी राहते. दिव्यासमोरच्या प्रात्यक्षिकात हात पाच-दहा सेकंदच धरला जातो, एवढ्या वेळात शोषणाऱ्या फिल्मची काच तापायला सुरुवातही झालेली नसते. तोच हात पाच मिनिटे धरून पाहावा, किंवा पाच मिनिटांनी काचेच्या मागच्या बाजूला बोट लावून पाहावे, म्हणजे ती फिल्म किरण परतवते आहे की नुसते साठवते आहे हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते.

दिव्याविषयी आणखी थोडे लिहिणे भाग आहे, कारण विक्रीचा सारा विश्वास त्याच्यावर उभा असतो. हीट लॅम्पची तार साधारण २५०० केल्विनपर्यंत तापते, सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन तापमानाचा असतो. वस्तू जितकी तप्त तितका तिच्या प्रकाशाचा भर लहान तरंगलांबीकडे सरकतो, या नियमाने सूर्यप्रकाश ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ऐन दृश्य पट्ट्यात, सर्वांत प्रखर असतो, आणि दिव्याचा भर १,१०० ते १,२०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्त पट्ट्यात, येतो. दिव्याच्या ऊर्जेत दृश्य प्रकाशाचा वाटा अगदी थोडा असतो. त्यामुळे केवळ अवरक्त किरण अडवणारी फिल्म दिव्यासमोर जवळजवळ सगळीच उष्णता अडवते, आणि सूर्यासमोर तिला निम्म्याच ऊर्जेवर काम करता येते. दुकानदार खोटे बोलत होता असे माझे म्हणणे नाही. त्यालाही कंपनीकडून पेटी आणि पाठ केलेली चार वाक्येच मिळालेली असतात. परंतु सूर्याची परीक्षा सूर्यासमोरच व्हायला हवी. दुकानाबाहेर उन्हात फिल्मचा नमुना लावलेली काच आणि कोरी काच यांच्यामागे आळीपाळीने हात धरण्याचा आग्रह ग्राहकाने धरला तर त्यात गैर काहीच नाही, आणि माझ्या अनुभवाने दोन फिल्ममधला खरा फरक तिथेच समजतो.

आता ज्या आकड्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. फिल्मच्या तांत्रिक माहितीपत्रकात टीएसईआर या आद्याक्षरांनी एक रकाना असतो, त्याला मराठीत 'एकूण सौरऊर्जा रोध' म्हणता येईल. अतिनील, दृश्य आणि अवरक्त अशी तिन्ही प्रकारची ऊर्जा हिशेबात धरून, आणि शोषलेल्या ऊर्जेपैकी जी पुढे आत झिरपते तीही वजा करून, पडलेल्या उन्हापैकी किती टक्के गाडीबाहेर राहिले हे तो सांगतो. गाडी किती तापेल याच्याशी थेट नाते असलेला आकडा हाच. त्याच्याबरोबर दृश्य प्रकाश किती टक्के आत येतो हे सांगणारा व्हीएलटी हा आकडा वाचायचा असतो, आणि दोन्ही आकडे त्याच एका फिल्मचे असले पाहिजेत. अनेकदा जाहिरातीत व्हीएलटी फिकट छटेचा छापतात आणि उष्णतेचा आकडा त्याच मालिकेतल्या सर्वांत गडद छटेचा देतात, ही गल्लत माहितीपत्रक समोर ठेवल्याशिवाय पकडता येत नाही.

हे दोन आकडे एकमेकांना कसे बांधलेले असतात हे साध्या हिशेबाने पाहता येते. समजा एखादी फिल्म ७० टक्के उजेड आत येऊ देते. एकूण ऊर्जेत उजेडाचा वाटा ४४ टक्के धरला तर त्याचे ७० टक्के म्हणजे जवळजवळ ३१ टक्के ऊर्जा केवळ उजेडावाटे आत आली. अवरक्त आणि अतिनील किरण त्या फिल्मने एकूण एक परतवले असे मानले, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी एकूण रोध ६९ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. अवरक्त ९० टक्के अडवले जातात असे धरले, तर त्यातून आणखी सुमारे ५ टक्के आत येतात, आणि तापलेल्या काचेतून झिरपणारी उष्णता वेगळी. म्हणूनच ७० टक्के उजेड देणाऱ्या चांगल्या प्रतीच्या फिल्मचा एकूण सौरऊर्जा रोध ५० टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो उत्तमच मानायला हवा. स्वच्छ काचेसारखी दिसणारी आणि ९५ टक्के उष्णता रोखणारी फिल्म कोणी देऊ करत असेल, तर 'उष्णता' या शब्दाखाली त्याला फक्त अवरक्त किरण अभिप्रेत आहेत एवढे निश्चित समजावे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. नुसत्या रंगाने काळी केलेली स्वस्त फिल्म उजेड ९५ टक्के अडवत असली तरी अवरक्त किरणांना ती बऱ्याच अंशी वाट मोकळी ठेवते, आणि जे अडवते तेही मुख्यतः शोषून. तिचा एकूण रोध ४० टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे आतून बाहेरचे काही दिसू नये इतकी काळी फिल्म ही जवळजवळ पारदर्शक असलेल्या चांगल्या फिल्मपेक्षा उष्णतेच्या कामात मागे पडू शकते. काळी काच थंड असते हा आपला डोळ्यांचा ग्रह आहे. चकाकी कमी झाली की डोळ्यांना गारवा वाटतो, तो खराही असतो, पण तो डोळ्यांपुरता.

टीएसईआरचा आकडा मिळाला तरी तो कसा मोजला हे विचारायला विसरू नये. एक तर तो फिल्म आणि काच या दोघांचा मिळून असतो, आणि काच बहुधा ३ किंवा ६ मिलिमीटर जाडीची साधी स्वच्छ काच असते. फिल्म नसलेली अशी काच स्वतःच १५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर ठेवते, त्यामुळे ५० पैकी फिल्मची खरी कमाई पस्तीसेक टक्क्यांची. दुसरे म्हणजे अलीकडच्या गाड्यांच्या काचा बहुतेक हिरवट असतात. त्या हिरवेपणामागे काचेतले लोह असते आणि ते अवरक्त किरण मुळातच बऱ्यापैकी शोषते, म्हणून अशा काचेवर फिल्मने पडणारा जास्तीचा फरक माहितीपत्रकातल्यापेक्षा कमी असतो. तिसरे म्हणजे काही कंपन्या हा आकडा काचेवर सरळ पडणाऱ्या किरणांऐवजी ६० अंशांनी तिरप्या पडणाऱ्या किरणांसाठी देतात. तिरप्या किरणांचा जास्त भाग काच तशीच परतवते, साहजिकच आकडा मोठा दिसतो. दोन फिल्मची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत.

फिल्म कशाची बनली आहे याची चर्चा दुकानात सर्वांत जास्त होते, माझ्या मते ती त्या मानाने दुय्यम आहे. रंगाची फिल्म स्वस्त, पण काही वर्षांत तिचा रंग विटतो आणि जांभळट होतो. रस्त्यावर जांभळ्या, फुगे आलेल्या काचांच्या गाड्या दिसतात त्या याच. धातूचा अतिशय पातळ थर दिलेली फिल्म ऊर्जा खरोखर परतवते आणि टिकतेही, पण तो धातू मोबाइल, जीपीएस, आणि टोलनाक्यावर वाचल्या जाणाऱ्या टॅगचे संदेशही अडवतो. हा दोष किती गंभीर ठरू शकतो याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे : कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने गाड्यांना उष्णता परतवणाऱ्या काचा बसवण्याचा नियम २००९ साली मंजूर केला, आणि असे धातूचे थर मोबाइल व जीपीएसमध्ये व्यत्यय आणतील या आक्षेपांनंतर मार्च २०१० मध्ये तो बाजूला ठेवला. कार्बन फिल्मचा रंग विटत नाही, संदेशही अडत नाहीत, उष्णतेच्या बाबतीत ती मधल्या पायरीवर असते. सिरॅमिक फिल्ममध्ये टायटॅनियम नायट्राइड, अँटिमनी-टिन ऑक्साइड किंवा टंगस्टन ऑक्साइड यांसारख्या पदार्थांचे अतिसूक्ष्म कण असतात, ते उजेडाला वाट देऊन अवरक्त किरण अडवतात, आणि त्यामुळे फिकट छटेतही चांगला रोध मिळतो. मात्र यातले बरेचसे कण किरण परतवण्यापेक्षा शोषतात, हे वर लिहिलेल्या कारणासाठी ध्यानात ठेवावे. धातूशिवाय, निरनिराळ्या प्लॅस्टिकचे शेकडो पातळ थर एकावर एक रचून बनवलेल्या फिल्मही मिळतात. त्या अवरक्त किरण परतवतात आणि त्यांची किंमतही त्या प्रमाणात असते. 'सिरॅमिक' किंवा 'नॅनो' हे शब्द कोणीही पुडक्यावर छापू शकतो, म्हणून शब्दावर न जाता पुन्हा त्या रकान्यातल्या आकड्यावरच यावे लागते.

अतिनील किरणांबाबत थोडक्यात. जवळजवळ प्रत्येक बऱ्या फिल्मवर ९९ टक्के अतिनील रोध लिहिलेला असतो आणि तो सहसा खरा असतो. त्याचा उपयोग त्वचेला, डोळ्यांना आणि आसनांच्या कापडाला होतो, गारव्याशी त्याचा संबंध अगदी थोडा आहे, कारण मुळात ऊर्जेतला वाटाच ३ ते ५ टक्क्यांचा. परंतु बाजूच्या काचांसाठी तो महत्त्वाचा आहे. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली असते आणि तो थर अतिनील किरण अडवतोच. दारांच्या काचा बहुधा एकेरी असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ उत्पादकांच्या २९ गाड्या मोजल्या, तेव्हा पुढच्या काचा अतिनील-ए किरण सरासरी ९६ टक्के अडवताना आढळल्या, आणि चालकाच्या बाजूच्या काचा सरासरी ७१ टक्के, त्याही ४४ पासून ९६ टक्क्यांपर्यंत अशा विखुरलेल्या. ज्यांना त्वचेच्या विकारामुळे डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितले आहे त्यांनी अगदी पारदर्शक, फक्त अतिनील अडवणारी फिल्म बाजूच्या काचांना लावली तरी त्यांचे काम होते. त्यासाठी काच काळी करण्याची गरज नाही.

कायद्याच्या बाबतीत एक गोष्ट सतत नजरेआड होते. देशोदेशीचे नियम निरनिराळे आहेत, काही ठिकाणी फिल्मच चालत नाही, अनेक ठिकाणी पुढच्या काचेतून किमान ७० किंवा ७५ टक्के उजेड आत यावा असे बंधन आहे, पण जवळजवळ सगळीकडे कायदा मोजतो तो उजेड, उष्णता नव्हे. आणि तो उजेड मोजला जातो काच व फिल्म या दोहोंतून मिळून. हे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. गाडीची मूळ काच ७८ टक्के उजेड देत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येणारा उजेड ०.७८ गुणिले ०.७०, म्हणजे ५५ टक्क्यांहूनही थोडा कमी भरतो. दुकानदाराने '७० ची फिल्म आहे, नियमात बसते' असे सांगितले, ग्राहकाने विश्वास ठेवला, आणि रस्त्यावर यंत्राने मोजल्यावर गाडी नियमाबाहेर ठरली, तर ग्राहकापाशी बोलायला काही उरत नाही. फिल्म ठरवण्याआधी मूळ काचेतून किती उजेड येतो ते दुकानातच मोजून घ्यावे. त्यासाठी हातात मावेल एवढे मीटर मिळते, आणि ज्या दुकानात ते नाही तिथून फिल्म घेऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणेन.

कायदा बाजूला ठेवला तरी रात्रीची दृष्टी हा माझ्या लेखी वाटाघाटीचा विषय नाही. दुपारी उजेड इतका मुबलक असतो की त्यातला निम्मा गेला तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही. रात्री, पावसात, किंवा दिवे नसलेल्या रस्त्यावर मुळात जो तुटपुंजा उजेड असतो त्यातला निम्मा गेला, की गडद कपड्यातला पादचारी आणि त्याच्यामागचा अंधार यांतला फरकच पुसला जातो. वय वाढते तशी डोळ्यांची अंधारात पाहण्याची क्षमता कमी होत जाते, म्हणून तरुण मुलाला चालणारी छटा त्याच्या वडिलांना चालेलच असे नाही, आणि गाडी दोघेही चालवत असतील तर निवड वडिलांच्या डोळ्यांनी व्हावी. पुढच्या दोन दारांच्या काचांतून बाजूचे आरसे पाहावे लागतात, त्या काचा शक्य तितक्या फिकट असाव्यात. काही फिल्म समोरून सूर्य खाली आलेला असताना दुधाळ धुक्यासारख्या दिसू लागतात. हा दोष दुकानातल्या सावलीत कधीच दिसत नाही, म्हणून नमुना घेऊन तो तिरप्या उन्हासमोर धरून आरपार पाहावा.

पैसे मर्यादित असतील तर ते कोणत्या काचेवर खर्चावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पुढची काच सर्वांत मोठी आणि सर्वांत तिरपी असते, त्यामुळे सूर्य वर असताना बहुधा सर्वांत जास्त ऊन तिच्यातूनच आत येते, आणि डॅशबोर्ड व स्टिअरिंग तापतात ते तिच्यामुळे. माझ्या पहिल्या वेळी मी फक्त बाजूच्या आणि मागच्या काचांना फिल्म लावली होती, म्हणजे स्टिअरिंगला जे ऊन लागत होते त्याच्या वाटेत मी काही ठेवलेच नव्हते. जिथे कायदा परवानगी देतो आणि मूळ काच फिल्मनंतरही उजेडाच्या नियमात बसेल इतकी फिकट आहे, तिथे पुढच्या काचेला अतिशय फिकट पण चांगल्या रोधाची फिल्म लावण्याने जो फरक पडतो तो चार दारे काळी करून पडत नाही. जिथे परवानगी नाही तिथे गाडी उभी करताना पुढच्या काचेमागे चकचकीत पृष्ठभागाचा पडदा लावावा. उभ्या गाडीपुरते त्याचे काम कोणत्याही फिल्मपेक्षा चोख असते, आणि तो काढून ठेवता येतो.

लावण्याच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण चांगला कारागीर ते जाणतो. फिल्म काचेच्या आतल्या बाजूने, साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवतात आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर ओढून काढतात, म्हणून धूळ नसलेली बंदिस्त जागा हवी. नंतर काही दिवस, कधी काही आठवडे, आत राहिलेल्या ओलाव्याचे फुगे व धूसरपणा दिसतो, तो आपोआप जातो, पण तोवर काच खाली करू नये. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव वापरू नयेत. मागच्या काचेवरची जुनी फिल्म काढताना डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे धुके घालवणाऱ्या, तारा तिच्याबरोबर निघून येण्याचा धोका असतो, तिथे घाई न करता वाफेने सैल करून घेणाऱ्याकडेच जावे.

एका गोष्टीविषयी मात्र घाई करून पुढे जाणे मला पटत नाही. फिल्म लावली म्हणजे उन्हात उभी गाडी सुरक्षित झाली, असा समज जाहिरातींतून नकळत पसरतो. फिल्म उष्णतेचा ओघ कमी करते, तो थांबवत नाही. आत आलेली ऊर्जा आसनांत शोषली जाते, तापलेली आसने लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतात, आणि ते काचेतून परत बाहेर पडू शकत नाहीत, हवाही कोंडलेली असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना बंद गाडीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंशांनी वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. फिल्मने यातले काही अंश कमी होतील, पण मूल, वृद्ध व्यक्ती किंवा पाळीव प्राणी यांना पाच मिनिटांसाठीही बंद गाडीत ठेवण्याजोगी ती गाडी कोणत्याही फिल्मने होत नाही. उलट काळ्या काचेमुळे आत कोणी अडकले आहे हे बाहेरच्याला दिसतही नाही.

आपल्या दैनिकाकडे माझी एकच विनंती आहे. अशा फिल्मच्या जाहिराती स्वीकारताना, टक्क्यांचा जो आकडा छापायचा तो अवरक्त किरणांचा आहे की एकूण सौरऊर्जेचा, हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिण्याची अट जाहिरात विभागाने घालावी, आणि त्याच छटेचा व्हीएलटीही शेजारी छापावा. दोन ओळींचे काम आहे. मी नंतर घेतलेल्या फिल्मच्या पावतीवर दुकानदाराकडून हे दोन्ही आकडे, मूळ काचेचे मोजमाप आणि फिल्म लावल्यानंतरचे मोजमाप हाताने लिहून घेतले आणि खाली त्याची सही घेतली. त्याने प्रथम का-कू केली, मग लिहून दिले, आणि आता तो प्रत्येकच ग्राहकाला तसे लिहून देतो असे त्याने मला परवा सांगितले.

कळावे,
आपली एक नियमित वाचक